सुलकाटा म्हणून दिलेलं कासव आणि सोबतचा ‘फुल सेटअप’

‘कासवाचं पिल्लू, फुल सेटअपसहित, बेळगाव-खानापूर-निपाणी होम डिलिव्हरी’ असा स्टेटस तुमच्याकडे फिरत आला असेल तर आधी हे वाचा. आमचे ११,५०० रुपये गेले. पैसे जाण्याचं दुःख आहेच, पण ही फसवणूक ज्या बेतानं रचली आहे ते जास्त सांगण्यासारखं आहे. फसलेल्या माणसाला तक्रारच करता येऊ नये, अशी ती रचलेली आहे.

कासवाचा हट्ट लेकीचा, आणि सासूबाईंनी तो उचलून धरला. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावून आपण पुढे जातो, मग घरात जिवंत असलं तर वाईट काय, हा त्यांचा हिशेब. विकणाऱ्याला ही घरं नेमकी ओळखता येतात. माझ्याशी बोलताना ‘ताई, मुलांना जबाबदारी कळते’ चाललं होतं. सासूबाईंनी फोन हातात घेतल्याबरोबर ‘आजी, कासवाच्या पायानं लक्ष्मी येते बगा’ सुरू झालं.

कायद्याचं मी पहिल्याच फोनला विचारलं होतं. त्यावर त्याचं उत्तर तयार. हे भारतीय कासव नव्हेच, आफ्रिकेतलं सुलकाटा आहे, कोल्हापूरहून येतं, महाराष्ट्रात त्याचा कागद होतो, तो कागद इकडे चालतो. वर म्हणाला, “नियम दोन्हीकडचे वेगळे असतात, तुम्हाला काय सांगायचं!” हे वाक्य पुण्यातल्या माणसाला कदाचित खटकलं असतं. आपल्याकडे खटकत नाही. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे पेट्रोलचा एक भाव, पलीकडे दुसरा. गाडीचं पासिंग वेगळं, दारूचे दर वेगळे, जमिनीच्या उताऱ्याचं नावसुद्धा वेगळं. दोन राज्यांचे दोन कायदे असं कुणी म्हटलं की सीमाभागातला माणूस मान हलवून मोकळा होतो. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो केंद्राचा आहे. कोल्हापुरात जे कासव पाळणं गुन्हा आहे, ते बेळगावातही गुन्हाच.

बेळगावातल्या गोवावेसला एक पोरगा मोटारसायकलवरून येऊन माल देऊन गेला. बुटाच्या खोक्यात पिल्लू, वेगळी काचेची पेटी, रंगीत खडे, एक जांभळा दिवा, खाण्याच्या गोळ्यांची बरणी आणि लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. कासवाचे ४,०००, सेटअपचे ७,५००. दिवा खरा आहे हे दाखवायला त्या पोरानं आडोशाला नेऊन त्याच्याखाली नोट धरली. नोटेतले धागे आणि नंबर चमकले. “बगा ताई, यूव्ही. डुप्लिकेट असता तर चमकला असता काय?”

पावसाळा जोरात होता. आपल्याकडे त्या दिवसांत ऊन दिसत नाही आणि घरातली फरशी ओली वाटते. पिल्लू एका कोपऱ्यात काचेला तोंड लावून पाय मारत राहायचं. मग तेही थांबलं. डोळे मिटलेले, नाकाशी बारीक फुगे. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, नवीन जागा आहे, सवय होईल.

माझा मावसभाऊ पुण्यात असतो. त्याच्याकडे खरोखरीचं, नोंदणी केलेलं सुलकाटा आहे. त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं आधी पेटीच पाहिली आणि एकेका वस्तूबद्दल सांगायला लागला. मी हे सविस्तर लिहितेय, कारण हाच ‘सेटअप’ आता आपल्याकडच्या बऱ्याच घरांत पोचलेला असणार.

दिव्यापासून सुरुवात. कासवाला लागतो तो यूव्ही-बी, म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरचा किरण. त्यानं अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. नाहीतर पाठ मऊ पडते, पाय वाकडे होतात. नोट चमकवणारा दिवा यूव्ही-ए चा. नोटा तपासायच्या मशीनमध्ये असतो तोच प्रकार. यूव्ही-बी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे दिवा जांभळा आहे का पांढरा यावरून काहीच ठरत नाही. म्हणजे त्या पोरानं दाखवलेला प्रयोग खरा होता, फक्त तो दुसऱ्याच गोष्टीचा पुरावा होता. फसवणुकीतली ही कारागिरी मला मानावीच लागली! शिवाय तो दिवा एलईडी, त्याला ऊब शून्य. पिल्लाला दिव्याखाली ३२ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास लागतं, म्हणजे ते हवं तसं इकडेतिकडे सरकतं. आमच्या पेटीत दोन्ही टोकांना २१.

काचेची पेटी दिसायला छान. पण कासवाला काच कळत नाही, पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर धडका देत बसतं. आणि खिडकीत ठेवून उन्हाचा उपयोग करू म्हटलं तर काच यूव्ही-बी अडवते. रंगीत खडे पिल्लं गिळतात, ते आतड्यात अडकतात. बरणीतल्या गोळ्या माशांच्या, कोळंबीचा वास येणाऱ्या. जमिनीवरचं कासव गवतपाला खाणारं, त्याला हे रोज घालणं म्हणजे हळूहळू आजारी पाडणं. ७,५०० रुपयांत एकही वस्तू उपयोगाची नव्हती.

दादाचं स्वतःचं पिल्लू पहिलं वर्षभर कशात वाढलं, ते ऐकून तर माझा जीव आणखी जळला. भिंती आरपार न दिसणारा मोठा प्लास्टिकचा टब, साडेचारशेचा. तळाला माती आणि भिजवून पिळलेला कोकोपीट, चार बोटं जाड, खालून ओलसर राहील असा. ही ओल महत्त्वाची, कारण कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवर उंचवटे येतात आणि ते पुढे जात नाहीत. लपायला आडवी फोडलेली कुंडी. उबेसाठी साधा पिवळा बल्ब, वायर चांगली आणि टांगणी पक्की. पाण्याला कुंडीखालची मातीची ताटली, आणि रोज पंधरावीस मिनिटं कोमट पाण्यात बसवणं, पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच. खायला हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, शेवग्याचा पाला. पालक क्वचित, भात-चपाती-बिस्किट कधीच नाही. कॅल्शियमला काष्ठौषधींच्या दुकानातलं समुद्रफेस, चाळीस रुपयांचं, किसून पाल्यावर. मार्चपर्यंतच्या दिवसांत सकाळचं कोवळं ऊन गच्चीवर, वर जाळी टाकून, कारण कावळे आणि घारी सोडत नाहीत. पैसे घालायचे ते एकाच ठिकाणी, नावाजलेल्या कंपनीच्या यूव्ही-बी ट्यूबवर. तीही वर्षभरात बदलावी लागते, कारण उजेड तसाच दिसत असला तरी आतला यूव्ही-बी संपत आलेला असतो.

हे सगळं सांगून झाल्यावर त्यानं पिल्लू जवळून दाखवायला सांगितलं. आणि गप्प झाला.

पाठीवर काळपट तपकिरी रंगात पिवळे पट्टे, मधल्या ठिपक्यातून किरणांसारखे फुटलेले. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की सुलकाटाला लहानपणी नक्षी असते, मोठेपणी जाते. साफ खोटं. सुलकाटाचं पिल्लू वाळूसारखं साधं असतं, खवल्यांच्या कडा तेवढ्या गडद. आणि पुढच्या पायांवर जाड, काट्यांसारखे खवले. आमच्या घरात होतं ते भारतीय तारा कासव. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्यांनी थंडीनं झालेल्या छातीच्या संसर्गावर औषध दिलं आणि सरळ म्हणाले, हे घरात ठेवू नका, लगेच वनखात्याला कळवा.

तारा कासव आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकाचा कोरडा पूर्व भाग, गुजरात-राजस्थान इथल्या माळांवरचं. तिथून पिल्लं उचलून आणायला विकणाऱ्याला खर्च जवळजवळ काही नाही, म्हणून तर ४,००० ला मिळतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, ते अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० दंड. कुठल्याही कागदानं ते घरी पाळण्यासाठी कायदेशीर होत नाही. परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते, ती प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या नावावर, आणि प्राणी दुसऱ्याला दिला तर ते हस्तांतरही नोंदवावं लागतं. आमच्या लॅमिनेट कागदावर आमचं नावच नव्हतं. क्यूआर कोड होता, तो उघडला तर सरकारी साइटऐवजी कुणाच्या तरी ड्राइव्हवरचा एक फोटो उघडायचा.

पैसे परत दे म्हणून फोन केला, आणि आवाज बदलला. ताई वगैरे सगळं गेलं. “कासव कुणाच्या घरात आहे? माझ्या का तुमच्या? जावा पोलिसात.” मघाशी मी रचना म्हटलं ती हीच. चुकीचं कासव देणं हा त्याच्याकडून झालेला घोटाळा नव्हेच. सुलकाटा दिलं असतं तर आम्ही ग्राहक म्हणून भांडलो असतो. तारा दिलं की आम्हीच आरोपी, मग भांडणार कोण?

त्यापुढचा डाव संध्याकाळी आला. खाकी गणवेशातला फोटो लावलेल्या नंबरवरून ‘वनाधिकारी’ बोलत होता. तुमच्या पत्त्यावर तारा कासव असल्याची खबर आहे, आत्ता १५,००० दंड भरला तर केस होणार नाही. आमचा पत्ता, पिल्लाचा फोटो, सगळं त्याच्याकडे. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. पैसे मागितले ते मात्र कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर, पावतीचं विचारलं की ओरडा. यांनी एवढंच सांगितलं की आम्ही उद्या कचेरीतच येतोय, तिथं भरतो. फोन कट झाला तो पुन्हा लागला नाही.

आधी ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी अर्ज करायला लावला: कुणाकडून, कधी, काय सांगून घेतलं, डॉक्टरांनी काय सांगितलं. शेजारच्या अक्कांनी तो कन्नडमध्ये नीट लिहून दिला. सोबत चॅट, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, तो खोटा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी. वनखात्याच्या कचेरीत पिल्लू आणि अर्ज दोन्ही दिले, पोच घेतली. आमच्यावर गुन्हा नोंदवला नाही. प्रत्येकाच्या बाबतीत तसंच होईल असं मी सांगू शकत नाही, म्हणून वकिलांना आधी विचारा. पैशांची तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली. तो नंबर देशभराचा आहे, तिथं कोल्हापूर का बेळगाव हा प्रश्न येत नाही, आणि जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पोलीस ठाण्यातही ‘तुमचा माणूस महाराष्ट्रातला, तिकडे जा’ असं ऐकून परत फिरू नका. जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची माहितीही घ्यावी लागते. आमचे पैसे अजून आलेले नाहीत.

लेक अजून कासव म्हणतेय. खरं सुलकाटा घेऊ का, असं यांनी दादाला विचारलं, तर त्यानं स्वतःच्या कासवाचा ताजा फोटो पाठवला. पूर्ण वाढलेलं चाळीस-पन्नास किलोचंही होऊ शकतं, आणि नीट राहिलं तर आपल्यापेक्षा जास्त जगतं. आमच्या शहापुरातल्या दोन खोल्यांत ते जमणार नाही, हे तिलाही फोटो बघून कळलं.

ज्यांनी त्याच माणसाकडून पिल्लू घेतलंय आणि आता घाबरून विहिरीत, राकसकोप जलाशयाच्या कडेला किंवा कपिलेश्वराच्या तळ्यात सोडायचा विचार करताहेत, त्यांना एवढंच सांगते: हे जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात ते बुडून मरतं. माळावर सोडलं तर घरातला आजार तिथल्या कासवांत जातो. चॅट डिलीट करू नका, खोकं आणि तो लॅमिनेट कागद टाकू नका. पिल्लू कचेरीत नेईपर्यंत उबदार टबात ठेवा आणि तो जांभळा दिवा काढून टाका.