घरगुती शुक्राणू तपासणी किट: रेघ काय सांगते, काय नाही

हे किट एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: एका मिलिलिटर वीर्यात शुक्राणू ठरावीक संख्येच्या, बहुधा दीड कोटींच्या, वर आहेत का? असतील तर रेघ उमटते. तेवढं काम ते बरं करतं.

चुका होतात नमुना घेताना. २ ते ७ दिवस वीर्यपतन झालेलं नसावं आणि सगळं वीर्य कपातच पडावं. पहिला भाग सांडला तर आकडा खोटा कमी दिसतो, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. मग वीर्य पातळ व्हायला अर्धा तास थांबायचं. घट्ट नमुना किटमधल्या द्रावात नीट मिसळत नाही. साधा कंडोम, वंगण नकोच.

मोठी उणीव म्हणजे हालचाल आणि आकार कळतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत एकूण हालचालीची, म्हणजे हलणाऱ्या शुक्राणूंच्या प्रमाणाची, खालची मर्यादा ४२ टक्के आहे. रेघ उमटूनही बहुतेक शुक्राणू निपचित असू शकतात, म्हणून निव्वळ रेघेवर विसंबून महिने घालवणं आम्हाला अजिबात पटत नाही.

रेघ उमटली नाही, तर प्रयोगशाळेत वीर्यतपासणी करा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मागच्या महिन्यातला तापही आज आकडा खाली आणतो. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या इंजेक्शनांनी शुक्राणूनिर्मिती दबते.