४८ अंड्यांचे घरगुती उबवणी यंत्र : शेवटच्या तीन दिवसांचे परीक्षण

घरगुती उबवणी यंत्रांची परीक्षणे बहुतेक वेळा किती अंड्यांतून किती पिल्ले निघाली, एवढ्या हिशोबावर थांबतात. तो हिशोब मला अपुरा वाटतो, कारण न फुटलेल्या अंड्यांत मुळात फलित न झालेली, आठवडाभराहून अधिक दिवस साठवलेली आणि यंत्राच्या दोषाने वाया गेलेली अशी सगळी अंडी एकत्र मोजली जातात. कोंबडीच्या अंड्याला लागणाऱ्या २१ दिवसांपैकी पहिले १८ दिवस आजकालचे कोणतेही बऱ्यापैकी यंत्र निभावून नेते. अंड्यातले पिल्लू पूर्ण वाढून टरफल फोडायला लागते तेव्हा, म्हणजे शेवटच्या तीन दिवसांत, यंत्र त्याला कितपत साथ देते आणि गरज पडल्यास आपल्याला त्याच्या मदतीला जाऊ देते का, यावरच यंत्राची पारख करावी असे माझे मत आहे. हे परीक्षण त्याच अंगाने लिहिले आहे.

यंत्र पांढऱ्या प्लॅस्टिकचे, पारदर्शक झाकणाचे, एका थरात ४८ अंडी मावणारे आहे. पंखा आणि हीटर झाकणात बसवलेले असून दर दोन तासांनी मोटर ट्रे आपोआप कलता करते. तळाला पाण्याच्या दोन चाऱ्या आहेत. विजेबरोबरच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालण्याची सोय आहे आणि समोरच्या पट्टीवर तापमान, आर्द्रता व दिवस दिसतात. आमच्याकडे, सोलापूर जिल्ह्यात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही मी ते वापरले असून कोकणातल्या एका स्नेह्यांकडे याच प्रकारचे यंत्र ऐन पावसाळ्यात चालताना पाहिले आहे.

तापमानाच्या बाबतीत यंत्राला चांगले गुण द्यावे लागतील. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि हे यंत्र ते फारसे ढळू देत नाही. तरी अंडी ठेवण्यापूर्वी यंत्र एक दिवस रिकामे चालवून, ताप मोजण्याचा साधा डिजिटल थर्मामीटर ट्रेच्या चारही कोपऱ्यांत ठेवून खात्री करून घ्यावी. तापमान सतत जास्त राहिले तर पिल्ले १९व्या-२०व्या दिवशीच घाईने निघतात आणि त्यांची बेंबी नीट मिटलेली नसते. कमी राहिले तर २२वा-२३वा दिवस उजाडतो आणि पिल्ले थकलेली निघतात. म्हणजे शेवटी पिल्लाला मदत करण्याची वेळ येते, तिचे मूळ पुष्कळदा पहिल्या आठवड्यातल्या अर्ध्या-एका अंशात असते.

आर्द्रतेच्या बाबतीत मात्र हे यंत्र कमी पडते, आणि पिल्लू सुखरूप निघणे तर बऱ्याच अंशी आर्द्रतेवर अवलंबून असते. पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के आर्द्रता ठेवावी, हा सर्वमान्य नियम आहे. त्यामागचे कारण असे की उबवणीच्या काळात टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी उडून जाऊन १८व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण १२ ते १४ टक्क्यांनी घटायला हवे. तेवढे घटले की अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास घेण्यापुरती जागा मिळते. ४५ ग्रॅमचे गावरान अंडे १८व्या दिवशी ३९ ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाच-सहा अंडी पेन्सिलीने खूण करून दर आठवड्याला तोलली, तर यंत्राच्या आकड्यापेक्षा अधिक भरवशाची माहिती मिळते. मी हे मुद्दाम सांगतो, कारण या यंत्राचा आर्द्रतेचा आकडा खरा नसतो. बाटलीच्या झाकणात ओले मीठ घेऊन त्यासोबत आर्द्रतामापक हवाबंद पिशवीत काही तास ठेवला, तर त्याने ७५ टक्के दाखवायला हवेत. ही तपासणी केलेला वेगळा मापक यंत्रात ठेवला तेव्हा दोन्ही आकड्यांत आठ-दहा टक्क्यांचे अंतर आढळले आणि यंत्र नेहमी जास्त दाखवत होते. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हा फरक पिल्लाच्या जिवावर बेततो. उलट कोकणातल्या स्नेह्यांना पावसाळ्यात दोन्ही चाऱ्या १८व्या दिवसापर्यंत कोरड्या ठेवाव्या लागत होत्या. तिथल्या हवेतच एवढा ओलावा असतो की पाणी भरले तर अंड्यांचे वजन घटतच नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्या द्रवातच गुदमरते. पुस्तिकेत दोन्ही ठिकाणांसाठी ‘दोन्ही चाऱ्यांत पाणी भरावे’ एवढेच वाक्य आहे.

१८व्या दिवशी अंडी ट्रेमधून काढून आडवी ठेवायची, फिरवणे बंद करायचे, आर्द्रता वाढवायची आणि त्यानंतर झाकण उघडायचे नाही, अशी रीत आहे. याच रीतीला या यंत्राची रचना आड येते. आतली चारी बाहेरून भरता येत नाही, आणि झाकण एकदा उघडले की आर्द्रता झटक्यात उतरून परत चढायला बराच वेळ घेते. पिल्लाने टोचलेल्या अंड्यातला टरफलाखालचा पापुद्रा एवढ्या अवधीत सुकू लागतो. यावर मी केलेला उपाय अगदी स्वस्तात होतो: औषधाच्या दुकानातून आणलेली सलाइनची नळी वरच्या हवेच्या छिद्रातून चारीपर्यंत सोडून ठेवायची आणि सिरिंजने कोमट पाणी भरायचे. छिद्राचा उरलेला भाग मात्र मोकळा राहिला पाहिजे, कारण निघण्याच्या वेळी पिल्लांची प्राणवायूची गरज सर्वांत जास्त असते. अशी नळी कंपनीने स्वतःच बसवून दिली असती तर यंत्राची किंमत कितीशी वाढली असती, हे मला खरोखर समजत नाही.

पिल्लाला मदत केव्हा करावी हे कळण्यासाठी आत काय चालले आहे ते माहीत हवे. १९व्या-२०व्या दिवशी पिल्लू प्रथम आतला पापुद्रा भेदून चोच हवेच्या पोकळीत घालते आणि फुप्फुसाने श्वास घेऊ लागते. अंडे कानाशी धरले तर बारीक चिवचिव ऐकू येते ती याच वेळी. पोकळीतला प्राणवायू कमी होत गेला की ते चोचेच्या टोकावरच्या कठीण उंचवट्याने टरफल टोचते आणि बाहेरून छोटीशी चांदणीसारखी भेग दिसते. नवख्या माणसाची घालमेल इथूनच सुरू होते, कारण भेग पडल्यावर पिल्लू १२ ते १८ तास, कधी पूर्ण दिवसभरही, काहीच करत नाही असे वाटते. प्रत्यक्षात या अवधीत टरफलाच्या आतल्या अस्तरातील रक्तवाहिन्यांमधले रक्त पिल्लाच्या शरीरात ओढले जात असते आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात जात असतो. या वेळी कोणी टरफल सोलले तर वाहिन्या फाटून रक्तस्राव होतो किंवा बलक बाहेर लोंबत राहतो आणि धडधाकट पिल्लू आपल्या हाताने मरते. हे काम पुरे झाले की पिल्लू अंड्यात गोल फिरत टरफल कडेकडेने कापत जाते आणि पायांनी रेटून टोपी उडवते. ही शेवटची क्रिया तासा-दोन तासांत उरकते.

म्हणून माझा नियम असा की भेग पडल्यापासून २४ तास अंड्याला हात लावायचा नाही. त्यानंतरही कापणी सुरू झालेली नसेल, कापणी अर्ध्यावर येऊन तासन्‌तास थांबली असेल, भेगेतून दिसणारा पापुद्रा पिवळसर-तपकिरी होऊन चामड्यासारखा दिसत असेल किंवा भेग निमुळत्या टोकाकडे पडली असेल, तरच पुढे व्हायचे.

गेल्या उन्हाळ्यातले एक अंडे या संदर्भात सांगण्यासारखे आहे. भेग निमुळत्या टोकाला पडली होती, म्हणजे पिल्लू उलटे होते. त्या टोकाला हवेची पोकळी नसते आणि फिरायला जागाही अपुरी पडते. चोचेचे टोक दिसत होते, श्वास चालू होता, पण दिवस उलटला तरी भेग मुगाच्या दाण्याएवढीच होती. खोलीतला पंखा बंद करून, दारे लावून, हात स्वच्छ धुऊन मी अंडे ओल्या कोमट फडक्यावर घेतले आणि चिमट्याने भेगेच्या कडेचे टरफल तेवढे कणाकणाने उचलले, पापुद्र्याला धक्का न लावता. मग कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून, निथळून, नाकपुड्यांपासून लांब राहत पापुद्र्यावर फिरवली. ओला झाला की पापुद्रा पारदर्शक होतो आणि त्याखालच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. एका बाजूला केसाएवढ्या लाल रेघा अजून भरलेल्या होत्या. लाल रेघ दिसली की थांबायचे, यात तडजोड नाही. श्वासाची जागा मोकळी ठेवून, बाकी उघड्या पापुद्र्यावर ओलसर टिश्यू ठेवून, भेग वरच्या बाजूला येईल असे अंडे परत यंत्रात ठेवले. पाच-सहा तासांनी पाहिले तेव्हा त्या रेघा फिकट होऊन नाहीशा झाल्या होत्या. आता पापुद्रा मागे सरकवून फक्त डोके मोकळे केले आणि धड टरफलातच राहू दिले. पायांनी रेटून बाहेर पडण्याचे श्रम पिल्लाने स्वतःच करायचे असतात. त्याच वेळात बेंबी मिटते. रात्री ते बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी इतरांसारखेच उभे राहिले. मदत करूनही काही पिल्ले टिकत नाहीत, हेही सांगितले पाहिजे, आणि अशा प्रकारे काढलेली पिल्ले पुढे अंड्यांसाठी पैदाशीला ठेवू नयेत असे मला वाटते.

अशा वेळी यंत्राचे पारदर्शक झाकण फार उपयोगी पडते आणि न उघडता प्रत्येक अंड्यावर नजर ठेवता येते, हे या यंत्राचे मोठे बलस्थान आहे. हिवाळ्यात मात्र आर्द्रता सत्तरीला गेली की झाकणाच्या आतून वाफ धरते आणि नेमके पाहण्याच्या दिवसांत काही दिसत नाही. हवेची छिद्रे मोकळी सोडून झाकणावर घडीचे फडके ठेवले, तर वाफ पुष्कळ कमी होते.

तळाची जाळी गुळगुळीत आहे. ओल्या पिल्लाचे पाय त्यावर घसरून दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहिले तर पिल्लू अधू होते, म्हणून कपाटाच्या कप्प्यात अंथरतात ती रबरी जाळी १८व्या दिवशी कापून घालावी. पिल्लू निघाल्यावर ते पूर्ण सुकून फुलेपर्यंत आतच ठेवावे. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस दाणापाण्यावाचून राहू शकते, त्यामुळे पहिल्या पिल्लाच्या खाण्याच्या काळजीने झाकण उघडून मागच्यांचा पापुद्रा सुकवू नये. बाहेर काढल्यावर मात्र ३५ अंशांच्या आसपास ऊब देणारे ब्रूडर आधीच तयार हवे.

लाईट जाण्याची भीती अनेकांना वाटते. बॅटरीची सोय या यंत्रात नीट काम करते. बॅटरी नसेल तरी शेवटच्या दिवसांत पिल्ले स्वतःच उष्णता देत असल्याने तासाभराच्या खंडाने सहसा बिघडत नाही. झाकण न उघडता, छिद्रे न झाकता वरून गोधडी टाकावी. सफाई मात्र किचकट आहे. झाकणातल्या पंख्यात पिल्लांची लव अडकते आणि ती ब्रशने काढायला स्क्रू खोलावे लागतात. प्रत्येक बॅचनंतर हे केले नाही तर पुढच्या खेपेला वास आणि रोग दोन्ही येतात.

ज्यांच्या दारात दोन-तीन गावरान कोंबड्या वरचेवर खुडूक होतात, त्यांनी हे यंत्र घेण्याची गरज नाही. खुडूक कोंबडी तापमान आणि ओलावा या दोन्हींत त्याहून सरस आहे. कडकनाथ, गिरिराज, वनराज किंवा ऱ्होड आयलंड रेड या जाती पाळणाऱ्यांना मात्र अंड्यावर बसणारी कोंबडी सहसा मिळत नाही, आणि त्यांच्यासाठी सहा-सात हजारांत हे यंत्र घेण्याजोगे आहे. त्यासोबत वेगळा आर्द्रतामापक, सलाइनची नळी, रबरी जाळी आणि बारीक चिमटा एवढे सामान धरून चालावे, आणि २०वा दिवस घरी पूर्णवेळ माणूस असेल अशा वारी येईल, असा हिशोब करून अंडी ठेवावीत. मंगळवारी संध्याकाळी ठेवलेल्या अंड्यांचा तो दिवस सोमवारी येतो. शनिवारी ठेवलेल्यांचा शुक्रवारी. नोकरी करणाऱ्यांना सोमवारी संध्याकाळी अंडी ठेवणे सर्वांत सोयीचे पडते.