शर्यती की सायकलीचे दुकान?

साताऱ्यातल्या माझ्या भाच्यापुढे पेच आहे: माउंटन बाइकच्या शर्यतींवरच जगावे, की यवतेश्वर-कास परिसरात सायकल सहली नेऊन जोडीला दुरुस्तीचे दुकान चालवावे? उत्पन्नाचे पाहता, क्रॉस-कंट्री हा डोंगरवाटांवरच्या माउंटन बाइक शर्यतीचा प्रकार १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये असला, तरी पगार देणारे संघ मुख्यतः परदेशात आहेत. आपल्याकडे बक्षिसाची रक्कम बहुधा प्रवासातच संपते. खर्च त्याहून बोलका आहे. पावसाळ्यात तांबड्या चिखलातून काही फेऱ्या झाल्या की ब्रेक पॅड पार धातूपर्यंत झिजतात, आणि झिजलेली चेन वेळीच बदलली नाही, तर ती मागची कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रेही, खाते. शर्यतपटूचा हाच खर्च दुकानदाराची कमाई ठरतो. सहलींचा हंगाम मात्र छोटा. कॉलरबोन मोडले, तर शर्यतपटूचे वर्ष वाया जाऊ शकते. दुकान तेवढ्याने बंद पडत नाही.

ज्याला घरचा भक्कम आधार आहे आणि राष्ट्रीय पदकाची खरी शक्यता दिसते, त्याने तीन-चार वर्षे शर्यतींना द्यावीत, कारण पदक असल्यास राज्याच्या ५ टक्के खेळाडू आरक्षणातून सरकारी नोकरीची वाट खुली होऊ शकते. ज्याला याच वर्षी घरखर्च भागवायचा आहे, त्याने पाना हाती घ्यावा आणि शर्यती रविवारी खेळाव्यात.