ऑनलाइन घेतलेला मिक्सर आणि त्यामागची सेवा : निपाणीतून वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, सवलतीच्या दिवसांत, हा मिक्सर एका मोठ्या खरेदी-संकेतस्थळावरून मागवला आणि तेव्हापासून तो आमच्या कर्नाटकातील निपाणीच्या घरी रोज चालतो. वस्तूबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. मोटर ७५० वॅटची असून शेंगदाण्याची चटणी, सुके खोबरे, मसाल्यासाठी भाजलेली मिरची हे सारे तिने न कुरकुरता बारीक केले आहे. भार जास्त झाला की मोटर आपोआप बंद पडते. थोडा वेळ थांबून बुडाशी असलेले लाल बटण दाबले की ती पुन्हा सुरू होते. ही सोय ठाऊक नसलेल्या माणसाला मिक्सर जळाला असे वाटते, म्हणून तेवढे मुद्दाम नोंदवतो. बाकी मिक्सर चांगला आहे आणि मी लिहिणार आहे ते त्याच्या विक्रीनंतरच्या सेवेबद्दल.

पावसाळ्याच्या सुमारास चटणीच्या लहान भांड्याच्या तळातून पाणी झिरपू लागले. ते कपलरवरून, म्हणजे भांडे आणि मोटर जोडणाऱ्या भागावरून, मोटरपर्यंत पोहोचण्याचा धोका असल्याने आम्ही ते भांडे वापरणे थांबवले. वस्तू परत करण्याची मुदत केव्हाच संपली होती, पण दोन वर्षांची वॉरंटी चालू होती. संकेतस्थळाच्या ग्राहक सेवेत आधी यंत्राने ठरावीक उत्तरे दिली आणि बऱ्याच वेळाने माणूस भेटला. त्याचे बोलणे अत्यंत सौजन्याचे होते. मात्र त्याचा अर्थ एवढाच होता की आता आमचा संबंध संपला, उत्पादक कंपनीला विचारा. तक्रार क्रमांकही मागितल्यावरच मिळाला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनुसार अशा बाजारपेठ-संकेतस्थळाने प्रत्येक तक्रारीला क्रमांक देऊन तिचा मागोवा घेण्याची सोय करणे बंधनकारक आहे. शिवाय तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत पोच देणे आणि एका महिन्याच्या आत तक्रार सोडवणे अपेक्षित आहे. हा नियम खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा, कारण त्याचा नुसता उल्लेख केला तरी समोरच्याच्या उत्तरात फरक पडतो, हे मी पाहिले आहे.

कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर कन्नड, हिंदी आणि इंग्रजी एवढेच पर्याय ऐकू आले. बाजारात, बँकेत, बसमध्ये रोजच कन्नड कानावर पडते आणि बोलावीही लागते, त्यामुळे माझे काम अडले नाही. पण मिक्सर चालवते ती माझी आई, नेमके काय बिघडले हे तिलाच ठाऊक, आणि तिला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही. महाराष्ट्रात हीच कंपनी मराठीतून बोलते. मग सीमेच्या या बाजूला बेळगाव, खानापूर, निपाणी अशा भागांत इतकी मराठी घरे असताना तोच पर्याय येथे का ठेवू नये? त्यासाठी नवी माणसे नेमावी लागणार नाहीत, कारण ती माणसे कंपनीकडे आहेतच.

खरी अडचण मात्र पिनकोडची आहे. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर बेळगाव सुमारे ७५. आमची खरेदी, दवाखाना, मुलांचे शिक्षण यांतले पुष्कळसे कोल्हापूरला होते. कंपनीने मात्र सेवा केंद्रांची वाटणी राज्याप्रमाणे केली आहे आणि आमचा पिनकोड ५९१ ने सुरू होत असल्याने तक्रार बेळगावच्या केंद्राकडे गेली. कामानिमित्त कोल्हापूरला जाणे होतेच, म्हणून मी भांडे आणि बिल घेऊन तिथल्या केंद्रात विचारले, तेव्हा ‘हा पिनकोड आमच्याकडे येत नाही’ असे सांगण्यात आले. लागणारा सुटा भाग समोरच्या कपाटात होता! सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातील लोकांना बेळगाव जवळ पडते, पण त्यांचा जिल्हा कोल्हापूर. ही वाटणी अशीच राहिली तर त्यांनाही उलट्या दिशेने हाच त्रास होणार. पार्सल पोहोचवताना राज्याची सीमा कुठेच आड येत नाही, दुरुस्तीच्या वेळीच ती येते, हे मला अन्यायाचे वाटते.

बेळगावहून तंत्रज्ञ आला तो मोटरचे सुटे भाग घेऊन, कारण तक्रार नोंदवताना जी ठरावीक यादी असते तिच्यात ‘भांडे गळते’ असा प्रकारच नव्हता आणि नोंद ‘मोटर बिघाड’ अशी झाली होती. त्याने भांडे पाहिले, बुश, म्हणजे तळाशी पात्याचा दांडा धरणारा भाग, बदलावे लागेल असे सांगितले, आणि जाण्याआधी मोबाइलवर आलेला कोड मागितला. हा कोड दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार ‘सुटली’ असे होते. भेटीच्या संख्येवर आपले पैसे ठरतात, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. मला त्याच्याबद्दल सहानुभूती आहे, तरीही मी कोड दिला नाही आणि वाचकांनाही आग्रहाने सांगतो की काम पूर्ण झाल्याचे स्वतः चालवून पाहिल्याशिवाय तो देऊ नये, कारण बंद झालेली तक्रार पुन्हा उघडताना सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते. त्याच संध्याकाळी ‘आमच्या प्रतिनिधीची वागणूक कशी होती, दहापैकी गुण द्या’ असा संदेश आला. भांडे दुरुस्त झाले का, हा प्रश्न त्यात नव्हता. वागणूक चांगलीच होती. अशा गुणांची सरासरी काढून कंपनी आपली सेवा उत्तम असल्याचे मानत असेल, तर तिला आमच्या घरातली खरी परिस्थिती कधीच कळणार नाही.

अखेर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार केली. ही सेवा मराठी आणि कन्नड दोन्हींसह १७ भाषांत आहे, त्यामुळे आईला स्वतःच सगळे सांगता आले. हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीकडे पोहोचवून पाठपुरावा करते. आमच्या बाबतीत तेवढे पुरेसे ठरले आणि नवे भांडे कुरिअरने घरी आले. तसे झाले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, विक्रेता कुठल्या राज्यातला आहे याने फरक पडत नाही, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही.

या साऱ्यानंतर मी याच मिक्सरखालचे अभिप्राय पुन्हा वाचले. बहुतेक पार्सल हाती पडल्याच्या आठवड्यात लिहिलेले आहेत आणि त्यांत खोक्याची बांधणी, रंग, डिलिव्हरीचा वेग यांचेच कौतुक आहे. निरनिराळ्या विक्रेत्यांचे अभिप्राय एकाच पानावर एकत्र येतात, त्यामुळे कोणाकडून घेतल्यावर काय अनुभव आला हे समजत नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले, परंतु ते ऐच्छिक आहे. संकेतस्थळाने सहा महिन्यांनी प्रत्येक ग्राहकाला पुन्हा विचारावे आणि ते उत्तर पहिल्या अभिप्रायाशेजारी वेगळे दाखवावे, एवढे केले तरी पुढच्या खरेदीदाराला खूप आधार मिळेल.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मी आता लेखी विनंती केली आहे की निपाणी परिसरातील ग्राहकांना कोल्हापूर किंवा बेळगाव यांपैकी सोयीचे केंद्र निवडू द्यावे. पोच मिळाली आहे, निर्णय आलेला नाही. तो आला की याच अभिप्रायात भर घालीन.