वार्निश काढायचं आहे: मोकळं द्रावक, जेल की संत्र्याच्या सालीचं द्रावक?

जुन्या तैलचित्राची सफाई करायची आहे आणि त्यात आपल्या फुप्फुसांना, हवेला, पाण्याला कमीत कमी त्रास व्हावा असं वाटतंय. तर आधी पाहा, काढायचंय काय? नुसती धूळ-काजळी असेल तर बहुतेक वेळा द्रावक लागतच नाही. संवर्धक पिढ्यानपिढ्या लाळेने चित्रं पुसत आले. लाळ म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, जोडीला थोडे क्षार आणि विकरं. आता तिच्या जागी ट्रायअमोनियम सायट्रेट या सायट्रिक आम्लाच्या क्षाराचं सौम्य द्रावण चालतं. खरा पेच पिवळ्या पडलेल्या राळेच्या वार्निशचा, कारण ते साध्या पाण्याला दाद देत नाही.

मोकळं द्रावक, म्हणजे काडीला गुंडाळलेला कापूस आणि त्यावर अॅसिटोन किंवा इथेनॉल. याला मी कमी लेखणार नाही. वार्निश सुटताना डोळ्यांना दिसतं आणि हात त्याच क्षणी थांबवता येतो. पण द्रावकाचा बराचसा भाग काम करण्याआधीच उडून जातो. टोल्युइन आणि झायलीन ही द्रावकं तर मज्जासंस्थेला घातक. वाफ ओढून घेणारा पंखा लावला, की खोलीतली थंड किंवा गरम केलेली हवाही तो बाहेर फेकतो. ही वीज हिशेबात कुणी धरत नाही. शिवाय भिजलेल्या बोळ्यांचा ढीग हा घातक कचराच. आणि चित्राचं काय? द्रावक रंगथरात शिरून तो फुगवतं, त्यातले विरघळणारे घटक ओढून नेतं.

जेल हे द्रव धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. आगर लाल समुद्री शेवाळापासून येतं, जेलान जिवाणूंच्या किण्वनातून. २ ते ४ टक्के आगर पाण्यात ८५ अंशांच्या वर तापवून विरघळवायचं; ४० अंशांच्या खाली ते घट्ट होतं आणि हवा तसा तुकडा कापता येतो. मात्र शुद्ध द्रावक त्यात मावत नाही. पाणी, क्षार आणि काही प्रमाणात अल्कोहोल एवढंच. रंगाचे जाड उंचवटे असतील तर ते नीट टेकत नाही, आणि खाली काय चाललंय ते उचलेपर्यंत नीट कळत नाही. कॅनव्हासवरचं सरस पाण्याने आखडणारं असेल, किंवा विसाव्या शतकातला पाण्याला नाजूक तैलरंग असेल, तर आगर जपूनच.

द्रावकच हवं असेल तर संवर्धक रिचर्ड वोल्बर्स यांनी रूढ केलेली द्रावक-जेलं आहेत. पण त्यांचा अंश काढायला पुन्हा द्रावक लागतं, म्हणजे वाचवलेलं थोडं तिथे जातं. फ्लॉरेन्सच्या संशोधकांची पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची ‘पेगी’ जेलं (नाव कलासंग्राहक पेगी गुगेनहाइम यांच्यावरून) लवचीक असतात, खडबडीत पृष्ठभागावरही बसतात आणि सोलून अखंड निघतात. खडबडीत चित्रासाठी मला ती आगरपेक्षा भरवशाची वाटतात.

आता संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन. वनस्पतीतून आलं म्हणून निरुपद्रवी, असं धरून चालू नका. हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि तयार होणाऱ्या संयुगांमुळे त्वचेला अॅलर्जी होते. जलचरांना ते अत्यंत विषारी आहे. अॅसिटोनपेक्षा खूप सावकाश उडतं, म्हणजे रंगथरात जास्त काळ मुरतं. माझ्या मते चित्रावर ते वापरूच नये.

माझा कौल असा: सपाट, घट्ट रंगथर आणि पाण्याची भीती नसलेला कॅनव्हास असेल तर अल्कोहोल मिसळलेलं आगर आधी कोपऱ्यात तपासा. नाजूक, पातळ रंगलेप असेल, जिथे क्षणाक्षणाला नजर हवी, तिथे मोकळं द्रावकच. पण टोल्युइनऐवजी इथेनॉल किंवा अॅसिटोनचं पातळ मिश्रण, छोटा बोळा आणि झाकलेली बाटली.

आणि नवं वार्निश निवडताना पुढच्या माणसाचा विचार करा. डमार हे झाडाच्या राळेचं वार्निश जुनं होत जातं तसं ते काढायला अधिक तीव्र द्रावक लागतं. रेगलरेझ १०९४ सारखी कृत्रिम राळ फारशी पिवळी पडत नाही आणि अॅरोमॅटिक (टोल्युइन-झायलीनसारखे) घटक काढून टाकलेल्या मिनरल स्पिरिटमध्ये दीर्घकाळ विरघळत राहते.