एकोणीसशे रुपयांचा पोकळ व्हॉल्व्ह

डिसेंबरात आमच्या स्वयंपाकघरातल्या थंड पाण्याच्या नळाला दुपारी गरम पाणी यायला लागलं. बायको कोथिंबीर धुवायला गेली आणि हात झटकून मागे आली. आणि पहाटे, गरम पाणी खरोखर हवं असतं तेव्हा, सोलरमधून कोमट धार.

आम्ही कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीच्या बाजूला राहतो. गच्चीवर २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर, नऊ वर्षं जुना. ओळखीतून एक मेकॅनिक आला, वर गेला, दहा मिनिटांत खाली. "साहेब, एनआरव्ही गेलाय." निदान बरोबर होतं हे आधीच सांगतो, कारण मी फसलो ते तिथंच. माणूस एकदा खरं बोलला की त्याचं पुढचं तपासावं असं डोक्यात येत नाही.

एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाणी एकाच दिशेनं सोडायचं, उलटं येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. आमच्याकडे वरच्या टाकीतून निघालेल्या एकाच पाईपातून सोलरलाही पाणी जातं आणि घरातल्या थंड नळांनाही. खाली कुणी थंड नळ मोठा सोडला, किंवा वरची टाकी रिकामी झाली, की सोलरमधलं तापलेलं पाणी त्याच वाटेनं मागे ओढलं जातं. ते अडवायला सोलरच्या तोंडाशी हा व्हॉल्व्ह. तो निकामी झाला की दुपारी थंड नळाला चटका आणि पहाटे अंघोळीला बोंब.

नवीन "हेवी गनमेटल" व्हॉल्व्हचे १,९०० आणि मजुरी ७००. जुना व्हॉल्व्ह "भंगार आहे" म्हणून तो पिशवीत टाकून घेऊन गेला. मी काही बोललो नाही. दोन दिवसांत बायको म्हणाली, वरच्या बाथरूममध्ये गरम पाण्याची धार करंगळीएवढी येतेय. पुन्हा फोन. तो आला, वर खुडबूड केली, "सेटिंग केलंय, वहिनी" म्हणाला आणि ३०० घेतले. धार झकास झाली. आठ दिवसांनी थंड नळ पुन्हा गरम.

या वेळी त्यानं टाकीवर बोटं वाजवली. "आतला पफ गेलाय साहेब. उष्णता धरतच नाही. नवीन सिस्टीमच घाला, ४२ हजार. जुनी मी चार हजारात उचलतो." पफ म्हणजे टाकीच्या आवरणातला उष्णता धरून ठेवणारा फोम. शनिवारी पाच हजार ॲडव्हान्स द्यायचं ठरलं.

शेजारी एक काका आहेत, साखर कारखान्यातून रिटायर झालेले बॉयलर अटेंडंट. शुक्रवारी संध्याकाळी गच्चीवरून हे ऐकलं आणि म्हणाले, "टाकी गेली कशावरनं? सोलरला जाणारा कॉक आज रातीला बंद कर. सकाळी उघडून बघ." तसं केलं. पहाटे बादलीतून वाफा. म्हणजे टाकी ठणठणीत, पफ ठणठणीत. रात्रभर उष्णता धरली होती, कारण पाण्याला मागे जायची वाट बंद होती.

मग काका पाईप पाना घेऊनच आले. व्हॉल्व्ह उतरवला, माझ्या हातात दिला. त्यावर पाण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. "बाणाच्या उलट्या बाजूनं तोंड लाव आणि फुंक." फुंकलं. पितळेची कडू चव आणि हवा सरळ आरपार. तोंडाला धरलेली बासरी आणि हा व्हॉल्व्ह यात फरक एवढाच, की यातून सूर आला नाही. "ह्यो व्हॉल्व्ह न्हवं," काका म्हणाले, "पाईपाचा तुकडा हाय."

हा व्हॉल्व्ह दोन भागांचा, मधोमध आट्यांनी जोडलेला. त्या जोडावर पान्याच्या दातांच्या ताज्या खुणा होत्या. उघडला तर आत स्प्रिंग नाही, चकती नाही. "सेटिंग" म्हणतात ते हे.

काकांनी सांगितलं तेव्हा घोळ कळला. स्प्रिंगचा एनआरव्ही पंपाच्या लाईनीला चालतो, तिथं जोर असतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब, आणि आमची टाकी वरच्या नळापासून अडीच मीटरवर, म्हणजे पाव किलो. त्यातला काही स्प्रिंग दाबण्यातच जातो, म्हणून धार बारीक. अशा ठिकाणी स्प्रिंगऐवजी लोंबत्या झडपेचा व्हॉल्व्ह लागतो, तोही आडव्या पाईपात, व्हॉल्व्हची टोपी वर करून. त्यानं चुकीचा बसवला आणि तक्रार आली तेव्हा आतडं काढून टाकलं. काका कारखान्याची गोष्ट सांगायला लागले: ४५ किलो दाबाचा बॉयलर, त्यात पाणी ढकलणारा फीड पंप बंद पडला की आतली वाफ पाणी मागे पंपाकडं ढकलते, तिथं असला पोकळ व्हॉल्व्ह असता तर? पुढचं त्यांनी सांगितलं नाही, विडी पेटवली.

एका गोष्टीवर मात्र ते खरे चिडले. सोलरच्या एअर पाईपातून, म्हणजे टाकीवरच्या उघड्या तोंडाच्या नळीतून, पाणी ठिबकतं म्हणून मेकॅनिक त्याला टोपी मारणार होता. २०० लिटर पाणी तापलं की साधारण चार लिटरनं फुगतं. खालून एनआरव्हीनं वाट अडवलेली, वरून टोपी. मग ते फुगलेलं पाणी जाणार कुठं?

लक्ष्मीपुरीतून झडपेचा पितळी व्हॉल्व्ह साडेसातशेला आणला. दुकानातच फुंकून बघितला, दुकानदार हसला. ज्या गावात उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत आहे, घरटी एखादा माणूस लेथवर नाहीतर फौंड्रीत आहे, तिथं मला पोकळ पितळ विकलं गेलं, याची लाज अजून वाटते.

मेकॅनिकला फोन केला. "वहिनीच म्हणाल्या ना, धार कमी येतेय?" बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर ना दुकानाचं नाव ना व्हॉल्व्हचं. चार फोननंतर हजार रुपये परत आले. जुना व्हॉल्व्ह "गेला भंगारात." त्याच्या झडपेखाली नुसता क्षार साठला असेल, असं काकांचं मत.

कॉलनीत त्याच माणसाकडून काम करून घेतलेले आणखी दोघे निघाले. रविवारी काका आणि मी पाना घेऊन त्यांच्या गच्च्यांवर चढलो. पहिल्याचा व्हॉल्व्ह शाबूत होता. दुसऱ्याच्या जोडावर तेच पान्याचे दात.