जादुई वस्तूंची यादी कोणाच्या पुस्तकात असावी?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोल-प्लेइंग गेमचं नवीन कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी मोहीम) सुरू करायचंय, सगळ्यांनी मिळून एक-दोनच पुस्तकं घ्यायची आहेत आणि कोणती घ्यायची यावर घोडं अडलंय. क्लास (पात्राचा पेशा) आणि स्पेल (मंत्र) यांची तुलना सगळेच करतात. जादुई वस्तूंची यादी कोणत्या पुस्तकात छापली आहे, हे मात्र फारसं कोणी बघत नाही. बघायला हवं, कारण वस्तूवर हक्क कोणाचा हे तिथेच ठरतं: शोधून काढणाऱ्या खेळाडूचा, की लपवून ठेवणाऱ्या डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरचा.

जुनी रीत सरळ होती. 1974 च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तीन पुस्तिकांपैकी दुसरीत राक्षस आणि खजिना एकत्र होते. जादुई तलवार ही दोर-मशालीसारखी विकत घ्यायची गोष्टच नव्हती, ती गुहेत सापडायची. 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडने दार आणखी घट्ट लावलं. हे पुस्तक जवळ बाळगणारा खेळाडू सन्मानाच्या मरणालाही लायक नाही, असं त्याचा लेखक आणि खेळाचा एक जनक असलेल्या गॅरी गायगॅक्सने प्रस्तावनेत बजावलं होतं. आज हसू येतं, पण त्यामागे कारण आहे. बॅग ऑफ होल्डिंग या जादुई पिशवीत बाहेरून दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त सामान मावतं. हुबेहूब तशीच दिसणारी बॅग ऑफ डिव्हाउअरिंग आत घातलेलं गिळून टाकते. ज्याला यादी पाठ आहे, तो पिशवीत आधी काठी घालून बघतो. मग डीएमने ती पिशवी ठेवून उपयोग काय?

2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने भावच बांधून टाकले. हत्यारावरच्या +1 जादूला (फाशाच्या आकड्यात 1 ची भर) 2000 सोन्याची नाणी, +2 ला 8000, +3 ला 18000. कोणत्या लेव्हलला (अनुभवाच्या पायरीला) कॅरेक्टरकडे, म्हणजे खेळाडूच्या पात्राकडे, किती मालमत्ता असावी, याचंही कोष्टक आलं. हे सगळं डीएमच्या पुस्तकात, आणि वस्तू बनवण्याची फीट्स (पात्राची खास कौशल्यं) मात्र प्लेयर्स हँडबुकात. म्हणजे विझार्डला (जादूगाराला) वाँड (जादूची कांडी) बनवता येते, पण कोणती आणि कितीला, हे बघायला त्याने दरवेळी पुस्तक मागायचं. गुपितही राहत नाही आणि सोयही होत नाही. सगळ्या मांडण्यांत मला हीच सर्वात गैरसोयीची वाटते.

चौथ्या आवृत्तीने (2008) आडपडदाच काढला. यादी थेट प्लेयर्स हँडबुकात, प्रत्येक वस्तूला लेव्हल, आणि खेळाडूंकडून हव्या असलेल्या वस्तूंची यादी मागून घ्या, असा डीएमला सल्ला. यावर खूप टीका झाली. जादूचं दुकान झालं, असं म्हणणारे आजही भेटतात. मला ती मांडणी निदान प्रामाणिक वाटते. खेळाडूच्या हल्ल्याचे आणि बचावाचे आकडे वस्तूंचे बोनस धरूनच बसवले होते. मिळणारच आहे ते दडवून ठेवण्यात अर्थ नव्हता. तोटा एकच, पण मोठा: खजिन्याची पेटी उघडताना कोणाचा श्वास अडकत नाही. मागवलेलं पार्सल आलं, इतकंच.

पाथफाइंडर या त्याच घराण्यातल्या वेगळ्या खेळाची दुसरी आवृत्ती 2019 मध्ये खेळाडूंचे आणि खजिन्याचे नियम एकाच जाडजूड पुस्तकात घेऊन आली. 2023 मध्ये तिची फेरमांडणी झाली, तेव्हा खजिना जीएम कोअरमध्ये (जीएम म्हणजे इथला डीएम) गेला. गणित मात्र तेच राहिलं. हत्याराला +1 देणारी रून (हत्यारावर कोरायचं जादुई चिन्ह) दुसऱ्या लेव्हलची, किंमत 35 नाणी. डॅमेजचा एक फासा वाढवणारी स्ट्रायकिंग रून चौथ्या लेव्हलची, 65 नाणी. राक्षसांचे आकडे हे धरूनच लिहिलेत. रून मिळाल्या नाहीत तर फायटरचे (लढवय्याचे) वार नुसतेच चुकत राहतात. त्यामुळे पुस्तक डीएमचं असलं तरी हे पान खेळाडूंना दाखवावंच लागतं. आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर सगळे नियम अधिकृतपणे फुकट वाचता येतात, त्यामुळे लपवायचं म्हटलं तरी लपत नाही.

पाचव्या आवृत्तीने (2014) यादी परत डंजन मास्टर्स गाइडमध्ये नेली. प्लेयर्स हँडबुकात उरलं 50 नाण्यांचं हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध). इथे वस्तू मिळाल्याच पाहिजेत असं गणित नाही, आणि अट्यूनमेंट (वस्तूशी आधी जुळवून घेणं) लागणाऱ्या वस्तू एका वेळी तीनच वापरता येतात. साध्या हत्याराला दाद न देणारा वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस) समोर आला की थोडी पंचाईत व्हायची, पण चांदीचं हत्यार चालायचं. किमतींचं मात्र हसं होतं: रेअर (दुर्मिळ) वर्गातली वस्तू 501 ते 5000 नाणी! याला भाव म्हणायचं? 2024 च्या नव्या गाइडमध्ये तिला 4000 असा एकच आकडा दिलाय.

तर निवड अशी करा. टेबलावर नवखे जास्त असतील आणि डीएमला घरी बसून वस्तू रचायची हौस असेल, तर पाचव्या आवृत्तीची 2024 ची नवी पुस्तकं. गाइड एकच घ्या, ते डीएमकडेच राहू द्या आणि वस्तू सापडली की तिचं कार्ड हातात द्या. कॅरेक्टर कसं वाढवायचं याचे बेत आखत बसणारे खेळाडू असतील तर पाथफाइंडर, आणि तिथे रूनची यादी पहिल्याच सेशनला सगळ्यांसमोर ठेवा. चौथी आवृत्ती जुन्या पुस्तकांत कोणाकडे असेल तरच बघा. तिसरीच्या वाटेला मी नवीन टेबलाला पाठवणार नाही.

स्वतःचे नियम लिहीत असाल, तर यादी दोन ठिकाणी फोडा. ज्यांच्याशिवाय आकडे जुळत नाहीत, त्या वस्तू खेळाडूंच्या भागात, किमतीसकट. बाकीच्या डीएमकडे. शापित वस्तू तर खेळाडूंच्या पानांवर नावालाही नकोत.